हुमियाची बाटली

थोरल्या भावाच्या शोकेसमध्ये, प्लॅस्टिकच्या गुलाबांशेजारी, स्पेनच्या रेड वाईनची एक बाटली असायची. ती मीच आणलेली. वाळूजच्या आमच्या कारखान्यात स्पेनहून मशीन यायचं होतं आणि ते शिकायला मला तिकडे धाडलं होतं. त्या बाटलीच्या पायी आमची बाग गेली, असं पाहुण्यारावळ्यांत बोललं जातं. साफ खोटं. बाग भावानं घालवली, आणि हे मी त्याच्या तोंडावर म्हणालोय.

वाईन हुमिया भागातली, मोनास्त्रेल नावाच्या काळ्या, जाड सालीच्या द्राक्षाची. शाईसारखी दाट, जिभेवर रेंगाळणारी. तिथल्या फोरमननं सुट्टीच्या दिवशी मला त्याच्या गावच्या बागा दाखवल्या. पावसाची बोंब आपल्यासारखीच, जमीन पांढरी, चुनखडीची. मांडव नाही, ठिबक नाही. गुडघ्याएवढी म्हातारी, वाकडी झुडपं, एकमेकांपासून लांब लांब. त्यांना कोवळेपणापासून पाण्याची सवयच लावत नाहीत, म्हणून मुळं खोल जातात, असं तो म्हणाला. वडिलांना दाखवायला म्हणून मी फोटो काढले.

पैठण रोडला वडिलांनी स्वतःच्या हातानं लावलेली द्राक्षबाग होती. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, बोअर आटलं होतं आणि शहर वाढत वाढत आमच्या बांधाला येऊन टेकलं होतं. वडील टँकर मागवून, बुडाशी उसाचं पाचट अंथरून वेली जगवत होते. एवढा उन्हाळा निघाला की बाग वाचली, एवढंच त्यांचं म्हणणं. मी वाळूजला कारखान्याच्या शिफ्टमध्ये अडकलेला, त्यामुळे बाहेरचा सगळा कारभार भावाकडे.

वडिलांनी फोटो बघितले आणि परत दिले. भाऊ मात्र खुलला.

"बघा अण्णा, तिथं पाण्याबिगर वेली जगत्यात. आपूनच लाड करून ठेवलेत."

"दादा, त्या पहिल्यापासून तशाच वाढवल्यात," मी म्हणालो. "आपल्या वेली ठिबकवरच्या. त्यांची मुळं वरच हायेत."

"एकदा इमानात बसला अन् लई शहाणा झाला व्हय तू?"

एप्रिलच्या छाटणीत काड्या काढतात, खोडाला कुणी हात लावत नाही. द्राक्षवाल्याच्या घरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. वडील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले होते, तेवढ्यात भावानं मजूर लावून अख्ख्या बागेची खोडं गुडघ्याएवढी कापली. स्पेनसारखी! आणि टँकर बंद केला. वडील काळा चष्मा लावून परतले आणि बांधावरच बसून राहिले. काही खोडांना कोंब फुटले होते. पाण्यावाचून तेही करपले.

"चूक झाली माझी," भाऊ म्हणाला. चूक म्हणे! खोडं पुरती वाळायच्या आत त्याच रानात प्लॉटच्या मोजणीचे दगड रोवले गेले होते. माझे फोटो पुढं करून त्यानं वडिलांना फसवलं, आणि आजही त्याचं तोंड बघितलं की माझं डोकं फिरतं.

बागेच्या जागी आता कॉलनी आहे. कमानीवर सिमेंटचा द्राक्षाचा घड बसवलाय, बघितला की शिसारी येते. कॉलनीत रोज टँकर येतो. कोपऱ्यातला मोठा बंगला भावाचा. वडील तिथंच राहतात, पण त्या उन्हाळ्यापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलेलं. मी जातो तो वडिलांसाठी.

एका रविवारी दुपारी त्यानं मला आणि प्लॉट विकून देणाऱ्या दलालाला जेवायला बोलावलं. रुबाब दाखवायला शोकेसमधली बाटली काढली. वडिलांसमोर प्यायची आमच्यात पद्धत नाही, पण भावानं लाज कधीच सोडली होती. वडील दाराशी खुर्चीवर बसून सगळं बघत होते. भावानं मोठा घोट घेतला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

"लई कडक हाय राव," म्हणत त्यानं पाण्याचा जग उचलला आणि ग्लासात ओतायला लागला.

तेव्हा वडील बोलले.

"आता घालतो व्हय पाणी?"