रोलरवर चढवलेली रुग्णवाहिका

नोकरीतल्या पुष्कळ केसेस मी विसरलो. कोणी जुना सहकारी भेटला आणि म्हणाला, "साहेब, ते अमुक प्रकरण आठवते का," तर मी नुसती मान हलवतो. ही एक मात्र डोक्यातून जात नाही. निवृत्त झालो, अमरावतीला घर बांधलं, सकाळी फिरायला जातो, रक्तदाबाची गोळी घेतो. पण ही केस आठवली की गोळी घेऊनही डोकं तापतं. नावं कोणाचीच सांगणार नाही, प्रकरण अजून न्यायालयात आहे.

मी तेव्हा अचलपूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी चारच्या सुमारास दवाखान्यातून फोन आला. घाटापलीकडच्या गावातली एक बाई साप चावल्यामुळे रुग्णवाहिकेतून आणली होती. ती वाटेतच गेली होती आणि नातेवाईक ड्रायव्हरला मारत होते. मी पोचलो तेव्हा त्याचा सदरा फाटला होता, ओठातून रक्त येत होतं. त्याला सोडवून जीपमध्ये घातलं आणि रुग्णवाहिका जप्त करून ठाण्याच्या आवारात आणून लावली.

बाई तिशीची. शेतात गवत कापताना साप चावला. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात लस दिली, पण श्वास जड व्हायला लागला म्हणून तिथल्या डॉक्टरने पुढे पाठवलं. इकडे श्वास चालवायचं मशीन तयार ठेवलं होतं. इथले डॉक्टर मला म्हणाले, "श्वास थांबून फार वेळ झाला नव्हता. थोडं आधी आणलं असतं तर मी काहीतरी करू शकलो असतो." जो रस्ता सव्वा तासाचा, त्याला त्या दिवशी दोन तास लागले होते.

नवऱ्याने फिर्याद दिली. साधा शेतकरी माणूस. "साहेब, यानं घाटात गाडी थांबवली. मले अन् माया भावाले खाली उतरवलं. म्हणे पायी या. आमी चढ पायी चढून रायलो अन् हा गाडी हळूहळू नेऊन रायला. माणूस मरून रायलं तरी याले घाई नाई!" हे सगळं त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला आणि ड्रायव्हरला अटक केली.

तासाभरात गाडीचा मालक आला. हा ठेकेदार. त्याच्या चार रुग्णवाहिका ठेक्यावर चालायच्या. पांढरे कपडे, कपाळावर गंध, आणि चेहऱ्यावर दुःख तर असं की बाई त्याच्याच घरची. "साहेब, माझी गाडी एकदम ओके आहे. मागच्याच महिन्यात पासिंग झालं. हा माणूसच कामचुकार. ढाब्यावर बसला असन पेत." माझ्यासमोर बसून चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, "याले सोडू नका." मलाही तेव्हा तो शहाणा माणूस वाटला, हे सांगताना आज लाज वाटते.

कारण ड्रायव्हरशी मी काय वागलो, तेही सांगितलं पाहिजे. त्याला समोर उभं केलं आणि विचारलं, दारू प्यायला होतास का. "नाई साहेब." मग गाडी का थांबवली? "साहेब, गाडी ओढूनच नाई रायली होती. पैल्या गेरमदी बी चढत नव्हती. वजन कमी कराले उतरवलं त्याईले." मी म्हणालो, "गाडी ओके आहे, तुझा मालक सांगून गेला," आणि एक ठेवून दिली. एका बाईचा जीव गेला होता, मला राग होता, पण मारलं मी चुकीच्या माणसाला. रक्ताचा नमुना पाठवला होता. त्यात दारूचा अंश नाही असा अहवाल आला, तोपर्यंत त्याने कोठडीत दोन रात्री काढल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक आले. ब्रेक बघितले, स्टिअरिंग बघितलं, दिवे लावले, टायर बघितले, इंजिन सुरू केलं, आवारातच दहा पावलं पुढे-मागे नेली. 'वाहनात कोणताही यांत्रिक दोष आढळून आला नाही.' खाली सही, शिक्का. त्यांची चूक म्हणता येणार नाही. त्यांच्या छापील फॉर्ममध्ये जे रकाने होते ते त्यांनी भरले. गाडी चढ चढते का, हा रकानाच नव्हता. त्या कागदाने ड्रायव्हरचा गळा पक्का आवळला.

त्याच संध्याकाळी आमच्या जीपचा ड्रायव्हर, एक जुना हवालदार, माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळायला लागला. काय रे, म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, एक बोलू का? तुमी फिर्याद वाचली नं? पेशंट गाडीत असताना नातेवाइकाईले कोणता ड्रायव्हर उतरवते? मार खायची हौस असते का कोणाले? त्याची गाडी खरंच नसन ओढत."

फिर्याद मी चार वेळा वाचली होती. ठाण्यात सगळ्यांनी वाचली होती. त्या एका ओळीत आम्हाला माजोरडेपणा दिसला, आणि जो आयुष्यभर स्टिअरिंग धरून बसला त्याला त्यात मजबुरी दिसली. मी त्याला खुर्चीवर बसवलं. तो म्हणाला, "निरीक्षक साहेब गाडी सपाटीवर पाहतात. जोर तर चढावर समजते. अमरावतीच्या एका कॉलेजात मशीन आहे म्हणते, गाडी तिच्यावर चढवली का इंजिनात किती जोर आहे तो कागदावर येते."

उशीर करून चालणार नव्हतं, कारण ठेकेदाराने गाडी सुपुर्दनाम्यावर परत मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज टाकला होता. इतर तीन गाड्या असताना याच गाडीची त्याला एवढी घाई का, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आला. मी अर्जाला हरकत घेतली, तपासणीची परवानगी मिळवली आणि पंचांसह गाडी अमरावतीला नेली. मधे एका पुढाऱ्याचा फोन आला. "एवढ्या साध्या केसचं काहून लांबवून रायले साहेब?" मी म्हणालो, साधी आहे म्हणूनच नीट करतो.

त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एक प्राध्यापिका बाई होत्या. चष्मा कपाळावर, हाताला ग्रीस. त्यांच्या प्रयोगशाळेत डायनामोमीटर होता. मी पहिल्यांदाच बघत होतो. जमिनीत दोन मोठे लोखंडी रोलर बसवलेले. गाडीची मागची चाकं त्यावर येतात. पट्ट्यांनी गाडी चहूकडून जखडतात, समोर मोठा पंखा लावतात. मग गाडी जागच्या जागी पळते आणि ते रोलर तिला अडवत राहतात, म्हणजे खोलीतच घाट उभा करतात. चाकांनी किती जोर लावला त्याची रेघ संगणकावर उमटते.

बाईंनी आधी इंजिन गरम होऊ दिलं. मग चौथा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. खोली हादरायला लागली. रेघ वर चढली, आणि अर्ध्यातच आडवी झाली. तीनदा घेतलं, तीनही वेळा तेच. बाई मागे जाऊन धुराड्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जुनं डिझेल इंजिन एवढ्या ओझ्याखाली थोडा तरी काळा धूर टाकतं. इथे धूरच नाही. याला डिझेल पोटभर मिळत नाहीये. पण नुसत्या माझ्या बोलण्यावर न्यायालय विश्वास ठेवणार नाही. याच मॉडेलची दुसरी चांगली गाडी आणा, दोन्ही रेघा शेजारी ठेवू."

मी छाती फुगवून म्हणालो, "कशाला शोधायची? आमची ठाण्याची जीप याच कंपनीची, हेच इंजिन. बाहेरच उभी आहे."

जीप चढवली. रेघ वर गेली आणि जवळजवळ तिथेच आडवी झाली.

 दोन्ही गाड्या सारख्या, म्हणजे या मॉडेलमध्येच एवढा जोर, म्हणजे रुग्णवाहिकेत दोष नाही, म्हणजे ड्रायव्हर खोटा. पंच कागद पुढे करून उभे.  मी पेन हातात घेतलं, आणि तेवढ्यात आमचा हवालदार म्हणाला, "थांबा साहेब. सही नका करू."

त्याचा चेहरा उतरला होता. "आपल्या जीपचा डिझेल पंप म्याच कमी करून आणला होता. अकोल्याहून. डिझेलचा कोटा महिनाभर पुरत नाई, मंग वरून बोलणी बसतात. पंपाचा एक स्क्रू असते, तो मांगं फिरवला का डिझेल कमी जाते, ॲव्हरेज वाढते. जोर जाते, पण सपाटीवर समजत नाई. सगळेच करतात साहेब. मले वाटलं आपल्या जीपले काही फरक नसन पडला."

सगळेच करतात! मी त्याच्यावर असा ओरडलो की बाहेर वर्गातली पोरं डोकावली. ज्या जीपमधून आम्ही दरोडा पडला म्हणून, अपघात झाला म्हणून पळायचो, ती अर्ध्या जोरावर पळत होती, आणि महिन्याच्या बैठकीत डिझेल वाचवल्याबद्दल शाबासकी कोण घेत होतं? मीच. मुकाट्याने ऐकून घेणाऱ्या त्या माणसावर ओरडायचा मला काहीएक अधिकार नव्हता. त्याने त्या वेळी तोंड उघडलं नसतं तर मी एका निर्दोष माणसाला माझ्या सहीने तुरुंगात पाठवलं असतं. ही कबुली देऊन त्याने स्वतःवर खातेनिहाय चौकशी ओढवून घेतली, हे मला आजही बोचतं.

प्राध्यापिका बाईंचे दीर जवळच वलगावला राहायचे, त्यांच्याकडे याच मॉडेलची गाडी होती. दुपारनंतर ती आली. तिच्या पंपाला कोणी हात लावला नव्हता. रोलरवर चढवली, खोली हादरली, मागून काळा धूर निघाला आणि रेघ आमच्या दोन्ही रेघांना मागे टाकून वर निघून गेली. मग पंचांसमोर रुग्णवाहिकेचा पंप तपासला. कंपनीचं शिशाचं सील तोडलेलं, स्क्रू मागे घेतलेला. फोटो काढले. बाईंनी तो स्क्रू जागेवर आणला आणि तीच रुग्णवाहिका पुन्हा चालवली. वलगावच्या गाडीपेक्षा उगीच थोडी कमी. बस. इंजिन ठणठणीत होतं.

आता पंप कमी करणारा कारागीर पकडायचा होता. हवालदार म्हणाला, बहुतेक आपल्या जीपचा पंप केला तोच असन. अकोल्याच्या त्या दुकानात गेलो. कारागीर आधी म्हणाला, "मी कशाला करू? मी त पंप दुरुस्त करतो." मी चार रेघांचा तो कागद त्याच्यापुढे ठेवला आणि कोणती रेघ कशाची ते सांगितलं. साप चावलेली ती बाई कशी गेली तेही सांगितलं. मग तो म्हणाला, "साहेब, मी आईची शपथ घेऊन सांगतो, ही गाडी पेशंटची आहे म्हणून म्या नाई म्हटलं होतं. ठेकेदार म्हणे, चारही गाड्याईचे कर, नाई त काम दुसरीकडे देतो." त्याने जबाब दिला, आणि पुढे तो फिरला नाही.

ठेकेदाराला आणलं तेव्हा त्याचं उत्तर ऐका. "त्यात काय झालं? गाडी पोचली तर नं!" एवढं निगरगट्ट वाक्य मी बत्तीस वर्षांत आरोपींच्या तोंडूनही क्वचित ऐकलं. डिझेलचा पैसा त्याला ठेक्यात धरून मिळत होता, वाचलं ते त्याच्या खिशात. ड्रायव्हरने दोनदा जाऊन सांगितलं होतं की गाडी घाटात मरते. दोन्ही वेळा त्याला उत्तर मिळालं, तुले चालवता येत नाई. बाकीच्या तीन गाड्याही मी रोलरवर चढवल्या. तिन्ही तशाच. त्या गाड्यांतून आधी किती माणसं उशिरा पोचली असतील, याची नोंद ना दवाखान्यात होती ना आमच्याकडे. त्यांत जी मेली असतील त्यांची फिर्याद कोणी दिलीच नाही.

ठेकेदारावर सदोष मनुष्यवधाचं दोषारोपपत्र गेलं. ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल न्यायालयाला दिला आणि तो सुटला. मी त्याला ठाण्यात बोलावून माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचं जाऊ द्या साहेब. त्या बाईच्या नवऱ्यानं मारलं ते मले नाई लागलं. पण मी गाडी सोडून द्याले पाह्यजे होती आधीच. घरी दोन लेकरं, म्हणून चालवत रायलो." रुग्णवाहिका त्याने पुन्हा चालवली नाही.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं. मला शिकवलं की आपण गुन्हेगार शोधताना सगळ्यात आधी जो हाताशी असतो त्याला धरतो. गरीब, घाबरलेला, समोर उभा. आणि जो खुर्चीत बसून चहा पितो त्याचं बोलणं आपल्याला पटतं. आपल्या फॉर्ममध्ये जे विचारलेलं नाही ते आपण विचारत नाही, आणि जी लबाडी सगळेच करतात ती आपल्याला लबाडी वाटतच नाही. याचा मला संताप येतो, आणि त्यात माझ्यावरचा संताप धरलेला आहे.

दोषारोपपत्र गेल्यावर मी त्या बाईच्या नवऱ्याला बोलावलं. त्याला चार रेघांचा कागद दाखवला, सावकाश समजावून सांगितलं. त्याने बोटाने एकेक रेघ चाचपून बघितली.

"म्हंजे साहेब, गाडी चांगली होती?"

"चांगली होती."

"चढली असती घाट?"

"आरामात चढली असती."

 कागद माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, "मले वाटलं होतं गाडी जुनी होती, ड्रायव्हर वाईट होता, नशीब खराब होतं. तसं समजून मी रोज झोपून रायलो होतो, साहेब. आता कसा झोपू?"

मी उठलो. त्याला दारापर्यंत पोचवलं, आणि तो बस स्टँडकडे चालत गेला.