आईच्या भांगातला पारा

"यंत्राला नवरा जिवंत आहे का मेला, ते कळत नाही," असं मी भर प्रयोगशाळेत साहेबांच्या तोंडावर बोलले. बोलले ते बोलले. आजही परत घेणार नाही.

मी अणुभट्टीशेजारच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना इवल्याशा कुपीत बंद केला की तो हवेच्या जोरावर नळीतून भट्टीत जातो, न्यूट्रॉनांचा मारा खाऊन परत येतो. मग त्यातून किरणं निघतात, प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी. यंत्राचा हात एकेक कुपी उचलून मोजणीला ठेवतो आणि कशात काय किती आहे ते यंत्र सांगतं. मध्ये माणसाचा हात लागत नाही.

स्वस्तातल्या लालभडक कुंकवात पारा असणार, असा मला संशय होता. तो बायकांच्या केसांत उतरतो का, हे बघायला मी केज तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन भांगाजवळचे केस गोळा केले. तुलनेसाठी विधवांचेही घेतले. त्या कुंकू लावत नाहीत, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. त्यांत माझी आईही होती. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून तिचं कपाळ मोकळंच. त्या दिवशी ती सकाळीच डोक्यावरून न्हाऊन बसली होती. "लई कापू नगंस गं, आदीच शेपूट राहिलंय," म्हणाली आणि मी कात्री बाजूला ठेवताच तिनं पदर पुढं ओढला.

मोजणी झाली. बाकीच्या विधवांच्या केसांत पारा नावालाच. आईच्या केसांत मात्र सवाष्णींइतका! साहेब म्हणाले, "कुप्या भरताना बदलल्या तुमच्याकडून. हा नमुना काढून टाका." मी उरलेले केस पुन्हा भट्टीत घातले. पुन्हा तेच. तरी साहेबांचं पालुपद चालूच, "अहो, विधवेच्या भांगात पारा येईलच कुठून?" तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी ते वाक्य बोलले. साहेब लालबुंद झाले. "मग कारण लिहून द्या. नाहीतर नमुना बाद."

कारण आणायला मी गावी गेले. आई भाकरी थापत होती. मी सरळच विचारलं. तिचा हात पिठावर थांबला.

"तुज्या मशीनला समदंच दिसतं व्हय?" मग तव्याकडं बघतच म्हणाली, "तुजा बाप गेला तवा बायांनी कपाळ पुसलं. मला इचारलं न्हाई कुणी. भांग तेवढा पदराखाली राहिला. तितं लावते रोज. कावून लावू नये? माजा नवरा हुता, त्यांचा न्हाई."

मला रडू आलं आणि रागही आला. स्वतःच्या घरात या बाईनं चोरासारखं कुंकू लावावं? पण गप्प बसून चालणार नव्हतं. म्हटलं, "आई, त्या कुंकवात पारा आहे. विष आहे ते. बंद कर."

तिनं मान वर केली. "म्हंजी आता तू बी पुसाया आलीस."

खरं सांगते, थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं. मी उठले, डब्यातली घरची हळद वाटीत घेतली, तिच्या पानाच्या चंचीतला चुना पाण्यात विरघळवून त्या हळदीत घातला आणि कालवलं. बघता बघता हळद लाल झाली. "पुसायला नाही आले. हे लाव," म्हटलं. आईनं वाटी हातात घेतली. लावलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी मी बोलावलं म्हणून गावातल्या बायका मारुतीच्या पारावर जमल्या. विकतचं कुंकू टाकून द्या, असं मी सांगितलं. वाटी दाखवली, कसं करायचं तेही सांगितलं. चुलतीनं विचारलं, "पर आमा रांडमुंड बायांचा काय संबंद न्हाई ना त्यात?"

मी तोंड उघडायच्या आतच आई उठली. पदर खांद्यावर टाकला, वाटीत बोट बुडवलं आणि सगळ्यांदेखत कपाळावर हे एवढं मोठं कुंकू रेखलं.

"हाय की. माज्या केसात पारा निगालाय."

"अगं बाई, काय करतीस हे!" चुलती ओरडली. आईनं वाटी तिच्यापुढं सरकवली. चुलतीनं घेतली नाही, पण परतही लोटली नाही.

परत आल्यावर मी साहेबांना कारण लिहून दिलं: ही बाई कुंकू लावते.