आत बसणारं कार्ड

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खुबा मोडला तो दाव्यात पाय अडकून. बैल सोडायला गेले आणि गोठ्यातच पडले. या वयात ऑपरेशन झेपायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि जन्मभर पायाला भिंगरी असलेला माणूस बाजेला खिळला. त्यांनी आम्हाला एकच ताकीद दिली होती. आखातात नर्स असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला यातलं काही कळता कामा नये. करार अर्धा टाकून ती आली, तर पुन्हा जाणं नव्हतं.

पण फोनवरचा आवाज तिच्यापासून लपेना. "आबा, तुमी पडल्या पडल्या बोलून राहिले का?" असं ती विचारायची. शेवटी तिनं हट्टच धरला. "एकदा तोंड दाखवा. न्हाईतर मी निघून येते."

मी तेव्हा वसमतच्या शाळेत शिकवायचो. लॅपटॉप घेतला होता, पण कुरुंद्याला आमच्या घरी इंटरनेटची तार आलेली नव्हती. बिनतारी कार्ड नांदेडला मिळतं असं कळलं. दुकानदारानं दोन दाखवली. एक लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत सरकवायचं, दुसरं लांब वायरीला लोंबणारं. वायरीचं घ्या, ते खिडकीबाहेर टांगता येतं, असं तो म्हणाला. मी दुकानातूनच आबांना फोन लावला. घरात कुठलीही नवी वस्तू त्यांना विचारूनच यायची, आणि बाजेवर पडले म्हणून ती रीत मोडली नव्हती.

"लोंबतं नको," ते म्हणाले. "कुणाच्या तरी पायात येईल. आत बसणारं घे."

दाव्यानं आडवा पाडलेला माणूस दुसरं काय सांगणार? मी आत बसणारं आणलं.

घरात ते कार्ड ढिम्म. जाड भिंतींतून रेंजच येईना. लॅपटॉप हातात धरून मी खोल्या, ओसरी, गोठा सगळं पालथं घातलं. रेंज सापडली ती मागच्या खळ्यावर, शिजवलेली हळद वाळत घातली होती तिच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात. वायरीचं असतं तर खिडकीतून काढून छपरावर चढवता आलं असतं, पण हे आबांना सांगायची कुणाची छाती होती?

मग आबांनाच तिकडं न्यायचं ठरलं. आम्ही चौघांनी बाज उचलली. दोन्ही बाजूंना हळद, मधली वाट अरुंद. एकजण बाज खांद्यावर घ्यायला लागला.

"हातातच धरा," आबा म्हणाले. "खांद्याला टाइम हाय अजून."

आम्ही बाज हातातच धरून पुढं निघालो.

हळदीची भरलेली पोती पाठीशी रचून आम्ही त्यांना टेकवून बसवलं. पायांवर चादर घातली. आईनं धुतलेला रुमाल डोक्याला बांधून दिला. मागं वाळती हळद, अंगावर ऊन. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा राखण करत बसलाय. स्वतःच्या हुशारीवर मी तर भलताच खूष होतो.

बहीण पडद्यावर आली. चित्र अडखळत होतं, पण तिचं तोंड दिसलं आणि आबांचे डोळे भरले.

"बघ माय, धडधाकट हाय का न्हाई? आत्ता हळदीच्या कढईपासून उठून आलो." त्यांनी सवयीनं आशीर्वादाचा हात वर केला.

ती गप्प झाली. मला वाटलं, रेंज गेली. मी कार्ड आत दाबून बघितलं.

"दिसून राहिलं, दादा," ती म्हणाली. मग थांबून, अगदी हळू, "आबा, एका कुशीवर लई वेळ पडू नका. आई, त्यांची पाठ बघत जा. लाल झाली की लगेच सांग."

तेव्हा माझं लक्ष त्या हाताकडं गेलं. हळद शिजायच्या दिवसांत आमच्या घरात पांढरा तळवा सापडत नाही. सुट्टीपुरता राबणाऱ्या माझ्या बोटांनाही पिवळा रंग चढला होता. आबांचा तळवा मात्र स्वच्छ होता, आजाऱ्याचा असावा तसा.

आबांनी हात चादरीखाली घेतला. "येऊ नको, माय," ते म्हणाले.

"न्हाई येत. पण रोज इथं येऊन बसा."

मला रडू आवरेना.

पुढं हळद विकली गेली, खळं मोकळं झालं, तरी रोज आम्ही बाज त्याच कोपऱ्यात नेत होतो, हातात धरून. एक दिवस खांद्यावर घ्यावं लागलं. त्या दिवशीही मी लॅपटॉप तिथंच उघडा ठेवला होता, आणि ती बघत होती.