पिंपळगावची इटालियन बंदूक आणि माझा जळफळाट

काल पिंपळगाव बसवंतला जाऊन आलो. नाशिकच्या इंदिरानगरहून बाईकवर तासाभराचा रस्ता, पण निघायला मला दोन दिवस लागले. कारण आमचे साडू, विलासराव. फोनवर सहज म्हणाले, "अहो साडूभाऊ, आजोबांनी लढाईतनं आणलेली बंदूक हाय आमच्याकडं, इटालियन म्हणत्यात. जरा बघून सांगा ना कसली ती."

सहज! मी जन्मभर लेथवर काम केलं आणि निवृत्त झाल्यापासून कार्कानो नावाच्या एकाच इटालियन रायफलीचा अभ्यास करतोय. वहीत तीन रकाने आखलेत: प्रकार, कारखाना, कुठे पाहिली. तिसरा रकाना कोराच. आणि ह्या माणसाच्या घरात ती पडून, इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाही! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, आडगाव नाक्यापर्यंत गर्दी फार. ओझरला मिसळ खाल्ली, शंभराच्या आत पोट भरलं. पुढे कांद्याच्या टेम्पोंमागून जपून जायचं. विलासरावांचं पॅकहाउस हायवेलाच आहे, मागे नवं घर. द्राक्षं परदेशात जातात, दारात मोठी गाडी. एवढं असून वर रायफल पण ह्यांनाच!

"वडील गेले, आता बंदुकीचे कागद माझ्या नावावर करायचे," विलासराव सांगू लागले. "नळी सरकारनं कधीच बंद करून दिलीय, तरी कटकट हायेच. भारीतली असंल तर ठेवतो. साधी असंल तर पोलिसात जमा. वितळवून टाकत्यात म्हणे."

बंदूक हातात आली आणि पंचाईत झाली. दर खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर तिचीही पूजा. तेल, हळद, कुंकू यांचा असा थर बसलेला की एक खूण दिसेना. पुसायला लागलो तर विलासरावांच्या आई ओरडल्या, "पाव्हणं, पूजेचं हाय ते!"

"मावशी, थोडंसंच." मग त्यांनीच खोबरेल आणून दिलं, बंदुकीला हात जोडून.

हिचे प्रकार ओळखायचे कसे, तेही सांगतो. पायदळाची लांबलचक, गोळी भरायला मागेपुढे ओढायच्या बोल्टचा दांडा सरळ. घोडदळाची आखूड, तिला घडी होणारी संगीन. तोफखाना वगैरे खास तुकड्यांची पण आखूड, पण संगीन वेगळी लावायची. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जाड गोळीची काढली, ती अंगाशी आली, परत जुन्या गोळीवर यावं लागलं. तेर्नी, ब्रेशिया अशा चार-पाच ठिकाणी बनायच्या. जुन्या नळ्यांमधले, गोळीला फिरकी देणारे आटे मागे सैल आणि तोंडाकडे घट्ट होत गेलेले. काय काम हो ते! लेथवाल्याने कान पकडावेत.

मी मनात म्हणत होतो, देवा, साधी निघू दे. कुंकू निघालं, खाली 'ब्रेशिया'. तोंडाजवळ संगीन अडकवायची खाच बघितली तर आडवी! खास तुकड्यांची, अगदी सुरुवातीची. पुढे अशा बऱ्याच बंदुकांच्या खाचा बदलून टाकल्या. ही मी फक्त चित्रात पाहिलेली.

"कसली हाय?"

"साधीच," मी बोलून गेलो. "ढिगाने बनवल्यात असल्या."

"मग सोमवारी देतो जमा करून."

जेवायला शेवभाजी होती. मावशी वाढता वाढता म्हणाल्या, "यंदा खंडेनवमीला चुकल्यासारखं वाटंल बाई." मला मिळत नाही म्हणून मी ती भट्टीत घालायला निघालो होतो.

परत येताना ओझरच्या अलीकडे बाईक बाजूला घेतली आणि फोन लावला. "विलासराव, खोटं बोललो. साधी नाही ती, दुर्मीळ आहे. जमा करू नका. मला तुमचा हेवा वाटला हो."

तिकडून हसण्याचा आवाज. "ठाऊक हाय. तोंडानं साधी म्हणालात, पण दोन तास खाली ठिवली नाय तुम्ही. जेवतानाबी मांडीवरच होती की! कागदाचं मी बघतो. खंडेनवमीला पूजेला या."

घरी आल्यावर वही उघडली. प्रकार लिहिला, कारखाना लिहिला. 'कुठे पाहिली' पाशी पेन थांबलं. हिने आणलेला चहा गार झाला, तेव्हा कुठे लिहिलं: विलासरावांच्या घरी. अक्षर जरा बारीकच काढलं.