मधला डबा मी काढला

२०१७ साल. मी त्रेसष्टचा होतो. चौथी पास. आर्णीत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. चालवायची सून, पाटीवर नाव माझं.

मागच्या सालांत कापसानं दगा दिलेला, म्हणून पीकविम्याच्या अर्जांना रांग लागली. शेतातली डवरणी सोडून माणसं यायची. दिवसा कागद स्कॅन करून ठेवायचे आणि सांजेला साइट मोकळी झाली की पाठवायचे, अशी आमची रीत.

सुनेनं एक जुना कॉम्प्युटर इंटरनेटच्या मोडेम आणि दुकानाच्या दोन कॉम्प्युटरांच्या मधात बसवला होता. मी त्याला डबा म्हणायचो. त्याच्या गाभ्यात, तिच्या बोलीत कर्नलमध्ये, तिनं हूक लावला होता. इंटरनेटचा माल बारक्या पाकिटांतून येतो म्हणे. प्रत्येक पाकीट हुकाशी थांबायचं, त्यात व्हायरस नाही ना हे तपासलं जायचं, मगच आत. त्यानं सारं हळू चालायचं.

मी वीस वर्षं कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर काढलेली. आलेल्या बैलबंडीत खांद्यापर्यंत हात घालून बुडातला ओला कापूस धरायचो. पण रांग वाढली की ओळखीच्या बंड्या तशाच सोडायचो. त्या पारखीचा मला फार तोरा.

रांगेतला तांड्यावरचा म्हातारा, माझ्याच वयाचा, म्हणाला, "भाऊ, तुह्या इंटरनेटापरीस आमची बैलबंडी बरी." सारे हसले. मला झोंबलं.

"काहून अडवून राह्यली प्रत्येकाले?" मी सुनेवर खेकसलो.

"मामाजी, पहिलं पाकीट नीट तपासाचं, मंग त्याच्याच मागची ओळखीनं सोडाची. तसं लिहून राह्यली मी. सांजेपर्यंत होते."

"मले नको शिकवू. म्या फाटक सांभाळलं हाय."

ती जेवायला घरी गेली. मी डब्यातली तार उपसली आणि सरळ मोडेमची तार दुकानाच्या कॉम्प्युटरांना जोडली. इंटरनेट काय पळालं! "पाह्य आता," मी त्या म्हाताऱ्याला म्हणालो.

तासाभरात पडद्यावर इंग्रजीतली लाल चौकट आली; व्हायरस शिरला होता, कागद कोंडून पैसे मागत होता. सकाळपासून स्कॅन केलेला एकही कागद उघडेना. सून आली, टेबलामागं वाकली, तार पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं.

"काय झालं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हिच्या डब्यानं घोटाळा केला," मी म्हणालो.

हे माझ्याच तोंडून गेलं. ती कॉम्प्युटरसमोर बसली.

"एवढी शिकलेली सून, अन् आमचे कागद बुडवले!" म्हातारा बोलला. "आता हिच्या हाती कागद देत नाही." तांड्यावरची माणसं त्याच्या मागं उठून गेली. अर्जाची मुदत चारच दिवस राहिली होती, आणि जवळपास दुसरं दुकान नव्हतं.

तिनं तार परत डब्यात लावली, दोन्ही कॉम्प्युटर पुसून नव्यानं उभे केले. घरी तिनं रोजच्यासारखी पहिली गरम भाकर मलाच वाढली. माफी मागावी असं वाटलं. पण घरात चार भिंतींच्या आड मागून उपयोग नव्हता. नाव तर तिचं चारचौघांत घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं तांड्यावर गेलो. म्हातारा बाजेवर चहा पीत होता.

"आता कायले आला?"

"तार म्या उपसली," मी उभ्यानंच म्हणालो. "तिचा डबा बरोबर होता. कागद आणा, अन् तिच्याच हाती द्या."

त्यानं कप खाली ठेवला, घराघरांतून माणसं बोलावली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं.