यशोदेच्या हाताचे दोन टाके

शेजारच्या काकू म्हणाल्या, "खंडित मूर्ती घरात ठेवू नये, नदीत सोडून या," आणि आमचा प्रवास ठरला. गोष्ट पन्नासच्या दशकातली. घर चिंचवडला, मी नऊ वर्षांची, आणि मूर्ती खंडित करणारी अर्थात मीच. चैत्रगौरीच्या आराशीसाठी चिनी मातीची यशोदा पुसताना ती हातातून निसटली आणि कृष्णाला धरलेला तिचा हात कृष्णासकट निखळला.

आईने खाली बसून तुकडे वेचले आणि फडक्यात बांधले. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते. तिची स्वतःची आई तिच्या लहानपणीच गेली. वाढवलं ते मावशीने. ही यशोदा त्या मावशीची, तिच्यामागे आईकडे आलेली एकुलती एक वस्तू.

सकाळी टांग्याने भोसरी गाठली. (आज तिकडून जाणार असाल तर कारखान्यांच्या शिफ्ट सुटायच्या वेळा टाळा. तेव्हा टाळण्यासारखी फक्त धूळ होती.) तिथून चाकणची एसटी. तिकीट मोशीपर्यंतचं, माझं अर्धं. मोशीला इंद्रायणीत मूर्ती सोडायची, दशम्या खायच्या आणि परत फिरायचं, असा साधा बेत. पण आई मांडीवरचं फडकं सारखं उघडून बघत होती.

"बाई, बुडवायला निघालात व्हय?" शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं. "मी रहीम, चाकणचा. फुटकी चिनी भांडी सांधतो. खडकीच्या बंगल्यांतनं काम मिळतं."

आईने सगळं सांगितलं. रहीमचाचांनी यशोदा हातात घेऊन उलटी केली. "ह्यो बगा जर्मनीचा शिक्का. तिकडचे कारागीर आपल्या देवांची छापील चित्रं बगून घडवायचे, मग बोटीनं ममईला. कधी पूजा केली व्हती हिची?"

"नाही. मावशीच्या कपाटातच असायची."

"मग ही शोभेची हाय. बुडवता कशापायी?"

"मोशी! मोशीवाले उतरा!" कंडक्टर ओरडला. मी उठले. आई उठलीच नाही. "पुढचं चाकणपर्यंतचं फाडा," तिने सांगितलं.

चाचांचं दोन खोल्यांचं घर चाकणच्या किल्ल्याजवळ होतं. चाचींनी चहा दिला, मला गूळ-शेंगदाणे. आमच्या दशम्या आम्ही त्यांच्याच ओट्यावर सोडल्या.

"टाक्यांसाठी भोक पाडताना तडकंल बी," चाचा म्हणाले. "करू?"

"नदीतच सोडणार होते. करा."

दोरीच्या कमानीवर बारीक गिरमिट करकरायला लागलं तसे मी डोळे मिटले. आईने मिटले नाहीत, पण माझा हात असा दाबला की बोटं लाल झाली. तासाभराने यशोदेच्या कोपरावर दोन पितळी टाके बसले आणि कृष्ण पुन्हा कडेवर आला. चाचांनी आठ आणे घेतले. फटीत भरलेल्या लुकणात अंडं होतं, ते घरी कुणाला सांगायचं नाही, हे परतीच्या एसटीत ठरलं.

मोशीचा पूल आला. लोक खिडकीतून नदीला पैसे टाकत होते. आई एकदम म्हणाली, "लोक मावशीलाही म्हणायचे, दुसऱ्याची पोर कशाला सांभाळतेस? तिनं ऐकलं नाही." मग तिने मला जवळ ओढलं. मी तिथेच ढसाढसा रडले.

काकू दारातच होत्या. "अगं, खंडित ना ती?"

"होती. आता बरी झालीय," आई म्हणाली, आणि यशोदा आराशीत सगळ्यांत पुढे बसली.

रहीमचाचा पुन्हा कधी भेटले नाहीत. त्यांचे उपकार राहिले ते राहिलेच. दर चैत्रात यशोदा बाहेर निघते तेव्हा मी त्यांची आठवण काढते, एवढंच माझ्या हातात आहे.

परवा जुन्या वस्तूंचे एक व्यापारी घरी आले. म्हणाले, अशा जर्मन मूर्तींना आता हौशी लोक शोधत येतात. ही धड असती तर चांगले पैसे आले असते. "टाके काढून सांधा रंगवू या का? कळणारसुद्धा नाही."

"नको," मी म्हटलं. "टाके काढले तर ती नुसती मावशीची उरेल. माझ्या आईची राहणार नाही."