मास्तरांच्या मांडीचं माप

आधी माझीच फजिती सांगते, म्हणजे नंतर मास्तरांवर हसायला मी मोकळी.

या वृद्धाश्रमात आले त्या पहिल्याच दिवशी जेवणाच्या खोलीत शिरले, तर समोरचे एक गृहस्थ खुर्चीतून उठून उभे राहिले. ऐंशीच्या पुढचे, गळ्यात कपडे मोजायची टेप. मी म्हटलं, वा, काय रीतभात! दुसऱ्या दिवशीही तेच. मी दारात, ते उभे. तिसऱ्या दिवशी मी केसांवरून कंगवा फिरवून गेले. खोटं कशाला बोलू? चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपल्यासाठी कुणी उठतंय म्हटल्यावर बाई जरा सुखावतेच. चौथ्या दिवशी जवळ जाऊन गोड आवाज काढला, "अहो, बसा ना. माझ्यासाठी कशाला उठता?"

"तुमच्यासाठी?" ते धापा टाकत म्हणाले. "ताई, गप्प राहा जरा. सहावी चाललीय."

जेवणाआधी खुर्चीला हात टेकून उठाबशा काढत होते मेले! त्यांची वेळ आणि माझी वेळ एकच, एवढंच काय ते आमचं जमलेलं. आजही आठवलं की मला एकटीला हसू फुटतं.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, टेलरमास्तर. शेहेचाळीस वर्षं दुकान चालवलं. इथे आले ते पायाने चालवायचं शिलाई मशीन घेऊनच. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांची, मशीन खिडकीशी. आश्रमातलं प्रत्येक तुटलेलं बटण आणि उसवलेली शिवण त्या खिडकीशी जाते. माझा गाऊन सैल करायला दिला तेव्हा टेप न लावताच म्हणाले, "कंबर एक्केचाळीस."

"अडतीस!" मी म्हटलं.

"बरं," म्हणाले. शिंपी ज्या सुरात 'बरं' म्हणतो ना, तो सूर मला अजून झोंबतो.

तर हे मास्तर मी यायच्या आधी तापाने तीन आठवडे अंथरुणाला खिळले होते. ताप गेला, पण जाताना पाय घेऊन गेला. उठायला जावं तर पाय म्हणतात, तुम्ही कोण? यांना सवय मापं लिहून ठेवायची. गिऱ्हाइकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःचंही माप होतं. उजवी मांडी, साडेएकोणीस. टेप लावली तर साडेसोळा. तीन इंच मांडी गेली कुठे? वही घेऊन आश्रम सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंकडे गेले. मेट्रनबाईंनी तक्ता काढला.

"वजन अडुसष्ट. तापाआधीही अडुसष्टच होतं. मग गेलं काय तुमचं?"

"मांडी गेली."

"मास्तर, या वयात असं व्हायचंच."

हे मला सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. पोटावर थाप मारून म्हणाले, "कापड तेवढंच आहे हो, पण पायाचं काढून पोटाला लावलंय. असली पँट मी गिऱ्हाइकाला दिली असती तर माझ्या तोंडावर फेकली असती त्यानं!"

डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. ते म्हणाले, वयाने स्नायू झिजतात, पडून राहिलं की आणखी भराभर झिजतात. उठा, बसा, चाला, अंडी खा, दूध प्या. तीन मिनिटांत सांगून गेले. इथे रात्रीचं सूप इतकं पातळ की वाटीचा तळ वाचता येतो, आणि अंडं रविवारी एक. विचारलं तर म्हणे, म्हाताऱ्यांना हलकंच बरं. हलकं खाऊन खाऊनच माणूस हलका होतो की!

आणि त्यात मेट्रनबाईंचा नियम. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठता आलं तर वरच्या मजल्यावर राहायचं, नाहीतर खाली. खाली म्हणजे ओळीने खाटा, मशीनला जागा नाही, आणि खाली गेलेला माणूस परत वर आलेला मी तरी पाहिला नाही. मास्तरांना दोन महिने दिले होते. म्हणून त्या उठाबशा.

आता मला राग कशाचा येतो ते ऐका. इथे कुणीच दुष्ट नाही. दुष्ट असतं तर भांडता तरी आलं असतं. सगळे प्रेमळ! चाकाची खुर्ची ढकलणारी मावशी रोज त्यांच्या दाराशी हजर. "बसा मास्तर, लिफ्टने नेते."

"मी चालत येतो."

"तुम्ही चालणार सहा मिनिटं. मला अजून दहा जणांना आणायचंय. बसा ना हो, माझ्यासाठी बसा."

ती तरी काय करणार? अकरा माणसं आणि ती एकटी. मास्तर दात-ओठ खात बसायचे. आणि मावशीलाच कशाला बोलू, मी काय कमी होते? जेवण झालं की त्यांचं ताट मीच उचलायची. एकदा मास्तर एवढ्या जोरात ओरडले की सगळी खोली वळून बघायला लागली.

"ताई, ताट खाली ठेवा! तुमच्या मायेपायी माझी अर्धा इंच मांडी गेली असेल!"

मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सवयीने पुन्हा ताटाला हात घातला आणि पुन्हा बोलणी खाल्ली.

रविवारी त्यांची लेक यायची. मऊ सपाता, मऊ बिस्किटं, सगळं मऊ. "बाबा, खालीच जा ना. जिना नाही, सगळं हाताशी."

"सगळं हाताशी आलं की पायाला काय काम?"

"किती हट्टी आहात हो!"

"तुझ्या आजीवर गेलोय. तक्रार तिकडे कर."

ती बिचारी जिन्यावर थांबून डोळे पुसायची. बाप जिन्यावरून पडेल या भीतीने तिची झोप उडालेली. तिचं तरी काय चुकलं?

मास्तर आधी पलंगावरून हात टेकून उठायचे, मग खुर्चीतून हात टेकून, मग हात छातीशी बांधून. एखाद्या दिवशी चार व्हायच्या, दुसऱ्या दिवशी दोनच. एकदा एकही झाली नाही, तेव्हा त्यांनी टेप भिंतीवर फेकून मारली. माझं रविवारचं अंडं मी त्यांच्याकडे सरकवायची. घेईनात. मी म्हटलं, "मला बाई गॅस होतो." मग घेतलं. मला कसला गॅस, दगड पचतील मला! दोन महिन्यांनी टेप म्हणाली, सतरा. अर्धा इंच, तोही श्वास रोखून मोजलेला.

परीक्षेच्या दिवशी मेट्रनबाईंच्या ऑफिसात लेक, मी आणि मास्तर. मेट्रनबाईंनी पाहुण्यांची खुर्ची पुढे केली. गादी अशी बसलेली की माणूस आत गेला की गेलाच. मास्तरांनी हात बांधले. एक झाली. दुसरी कशीबशी. तिसरीला अर्धे उठले आणि धपकन मागे पडले.

"असू दे बाबा," लेक म्हणाली. मेट्रनबाईंनी परीक्षेचा छापील कागद पुढे ओढून पेन उघडलं.

"थांबा," मास्तर म्हणाले. गळ्यातली टेप काढली आणि बसल्या बसल्याच खुर्चीच्या कडेला लावली. "साडेचौदा. ताई, त्यांच्या कागदावर खुर्ची किती इंची लिहिलीय?"

मी चष्मा चढवून टेबलावर वाकले. मला वाचायला कुणी परवानगी दिली नव्हती, पण मी कधी मागते? "सतरा ते अठरा इंच, कडक बैठक."

मेट्रनबाई वैतागल्या. "अहो, दोन-तीन इंचांनी असा काय फरक पडतो?"

"काय फरक पडतो?" मास्तरांचा आवाज चढला. "तीन इंच कापड कमी घेऊन मी तुमचा ब्लाउज शिवू का? घालून दाखवाल?"

लेकीला हसू आवरेना. मेट्रनबाई लाल झाल्या, पण कागद त्यांचाच होता, करतात काय! मावशीने जेवणाच्या खोलीतली लाकडी खुर्ची आणली. सतरा इंच. मेट्रनबाई म्हणाल्या, दमलायत, उद्या घेऊ. मास्तर म्हणाले, अर्धा तास द्या. उद्या तुम्हाला आणखी एखादी खुर्ची सापडेल.

अर्ध्या तासाने एक, दोन, तीन. चौथीला पाय लटलटायला लागले. पाचवीला मध्येच अडकले, ना वर ना खाली. लेकीचे हात आपोआप पुढे गेले.

"हात मागे!" मास्तर गुरगुरले.

तिने हात पाठीमागे घट्ट बांधले, शाळेतल्या मुलीसारखे. आणि मास्तर उभे राहिले.

मेट्रनबाईंनी लिहिलं, 'तीन महिन्यांनी पुन्हा.' बस, एवढंच. दोन महिने जिवाचं रान केलं त्याचे मिळाले तीन महिने. सूप तेच, अंडं रविवारीच. बाहेर आलो तर दारात मावशी चाकाची खुर्ची घेऊन उभी. "बसा मास्तर, दमला असाल." माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! पण ओरडू कुणावर? तिच्या कपाळावर घाम होता.

मास्तर भिंतीला धरून चालायला लागले. मला राग कुणावर तरी काढायचा होता, तो त्यांच्यावरच काढला. "मांडी सतरा झाली म्हणून फार ऐटीत चालू नका हं. ती टेप आहे चाळीस वर्षांची. ताणलेली असणार. तिच्यावर कोण विश्वास ठेवेल?"

ते थांबले. टेप काढून मावशीच्या हातात दिली. "यांची कंबर मोज."

"अडतीस आहे," मी म्हटलं.

मावशीने खुर्ची सोडली आणि हसत हसत माझ्याभोवती टेप फिरवली. "एक्केचाळीस, काकू."

"बघा! टेप ताणलेलीच आहे!"

मास्तर जिन्याच्या कठड्याला धरून पहिल्या पायरीवर चढले होते. तिथूनच म्हणाले, "ताई, ताणलेली टेप माप कमी दाखवते, जास्त नाही. म्हणजे माझी मांडी सतराच्या वर गेली. आणि तुमची कंबर..."

"पुरे!" मी म्हटलं. "टेप एकदम बरोबर आहे तुमची."